हजरत आयेशा आणि कुभांडाचा महिना

खोर फक्कान हे बंदर नकाशात चटकन सापडत नाही. पाठीशी हजरचे उघडेबोडके डोंगर, पुढ्यात ओमानच्या आखाताचे निळे पाणी, जमिनीच्या बाजूने सगळा फुजैराचा मुलूख, आणि गावावर सत्ता मात्र डोंगरापलीकडच्या शारजाहची. २०१९ साली डोंगर पोखरून बोगद्यांचा नवा रस्ता झाला आणि शारजाह शहर बरेच जवळ आले. शारजाहची सत्ता म्हणजे शारजाहचे नियमही आलेच. या अमिरातीने २००१ साली सार्वजनिक सभ्यतेचा एक कायदा केला. बाहेर फिरताना कपडे कसे असावेत, नाते नसलेल्या स्त्री-पुरुषांनी कोठे एकत्र नसावे, असे त्यात सांगितले आहे. नोकरीसाठी येणाऱ्या आपल्या माणसाला विमानतळावरून आणायला गेलेला दोस्त पहिली गोष्ट सांगतो ती हीच. त्यामुळे असभ्यता, बदफैली, व्यभिचार या बाबतीत इस्लामची शिकवण म्हणजे कपड्यांची लांबी आणि चाबकाचे फटके, एवढीच समजूत घेऊन पुष्कळ लोक वर्षानुवर्षे इथे राहतात आणि तीच घेऊन घरी परततात.

मॉरिशसच्या मराठी घरांतही, शेजारी मुसलमान कुटुंब असूनसुद्धा, याहून फारशी वेगळी समजूत मला आढळली नाही. म्हणून आज एका स्त्रीचे चरित्र सांगायचे आहे. या विषयावर कुराणात जे सर्वांत सविस्तर प्रकरण आहे, त्याचा मोठा भाग तिच्यावर घेतलेल्या एका खोट्या आळापासून सुरू झाला. ती स्त्री म्हणजे हजरत आयेशा. त्या पैगंबर हजरत महंमद यांच्या पत्नी आणि पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या. मुसलमान त्यांना उम्मुल मोमिनीन म्हणतात, म्हणजे श्रद्धावंतांची माता.

आधी एका शब्दाची ओळख करून घेऊ. अरबीत निर्लज्ज दुष्कृत्याला फाहिशा म्हणतात. उर्दूत हाच शब्द बदचलन बाईला शिवी म्हणून वापरतात, आणि हिंदी सिनेमातून तो आपल्याही कानावर पडलेला असतो. कुराणाच्या अरबीत मात्र फाहिशा ही बाई नव्हे, ते कृत्य आहे. आणि ते पुरुषाचेही असते. शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे हद्द ओलांडण्याचा, अतिरेकाचा. जुन्या अरबीत हद्दीबाहेरच्या कंजूष माणसालाही याच धातूचे विशेषण लावत. लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधाला झिना म्हणतात, आणि झिना ही एक फाहिशा आहे असे कुराण सांगते. दोन शब्दांचा हा फरक लक्षात ठेवावा, कारण आयेशांच्या कथेत फाहिशा पसरवणारे हात आणि तोंडे वेगळीच निघाली.

आयेशांचा जन्म मक्केचा, इ.स. ६१३-१४ च्या सुमाराचा. आईचे नाव उम्म रुमान. वडील अबू बक्र कापडाचे व्यापारी, स्वभावाने मऊ, अरबांच्या वंशावळी तोंडपाठ असलेले. इस्लाम स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींत ते होते, त्यामुळे आयेशांना कळू लागले तेव्हा घरात नवा धर्म होता आणि घराबाहेर त्याचा छळ होता. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर आणि अबू बक्र मक्का सोडून मदिनेला गेले. मागोमाग कुटुंबेही गेली. आयेशांचा विवाह हदीसच्या परंपरेनुसार फार कोवळ्या वयात झाला. त्या काळच्या अरबांत अशी लग्ने होत, तशी ती आपल्या पणज्यांचीही होत. आज तो विषय निघाला की वाद होतो आणि विद्वानांत वयाच्या हिशेबावरही मतभेद आहेत. इथे तो वाद मी वाढवत नाही.

मदिनेच्या मशिदीला लागून कच्च्या विटांच्या लहान लहान खोल्या होत्या, त्यांतली एक आयेशांची. छप्पर खजुरीच्या झावळ्यांचे. चूल पेटल्याशिवाय दिवसच्या दिवस जात आणि खजूर व पाणी यांवर भागत असे, असे त्यांनीच पुढे शिष्यांना सांगितले. त्या हुशार होत्या, हजरजबाबी होत्या, आणि मत्सरीही होत्या; आपल्या मत्सराच्या गोष्टीही त्यांनी स्वतःच सांगून ठेवल्या. पैगंबरांबरोबर त्यांनी धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे काही वर्षांनी अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा हरल्या. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, ते त्यांनी पैगंबरांच्या खांद्याआडून मन भरेपर्यंत पाहिले. धर्मपुरुषाच्या घरातल्या या गोष्टी चौदाशे वर्षे जपून ठेवलेल्या आहेत, हे मला स्वतःला फार विशेष वाटते.

आता त्या महिन्याकडे येऊ. इ.स. ६२७ च्या सुमारास बनू मुस्तलिक नावाच्या टोळीवर स्वारी झाली. अशा प्रवासात कोणत्या पत्नीने बरोबर यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. या खेपेला चिठ्ठी आयेशांची निघाली. पैगंबरांच्या पत्नींनी पडद्याआड राहावे असा आदेश तोवर झालेला होता, म्हणून त्या उंटावरच्या झाकलेल्या हौदजात बसून प्रवास करत. आपला हौदा हा शब्द याच हौदजवरून आला. मुक्कामाच्या ठिकाणी माणसे हौदज उतरवून ठेवत आणि निघताना उचलून पुन्हा उंटावर बांधत.

परतताना मदिना जवळ आली होती. शेवटच्या मुक्कामी रात्री कूच करण्याचा पुकारा झाला. आयेशा नैसर्गिक विधीसाठी तळापासून दूर गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी गळ्याशी हात नेला, तर यमनी मण्यांची माळ नाही. ती शोधायला त्या पुन्हा त्याच वाटेने गेल्या. माळ सापडली, पण तेवढ्यात हौदज उंटावर चढला होता. उचलणाऱ्यांना तो रिकामा आहे हे कळले नाही. त्या दिवसांत बायका पोटभर जेवत नसत, अंगावर मांस नसे, आणि आयेशा तर वयानेही लहान. तळावर आल्या तेव्हा हाक द्यायला किंवा हाकेला ओ द्यायला कोणी उरले नव्हते. त्या शहाणपणाने तेथेच बसल्या. आपण नाही हे कळताच माणसे मागे येतील, असा त्यांचा हिशेब होता. चादर लपेटून पडल्या आणि त्यांना झोप लागली.

सफवान इब्न मुअत्तल नावाचा एक सैनिक तळामागून येत होता. पहाटे त्याला झोपलेली व्यक्ती दिसली. पडद्याच्या आदेशाआधी त्याने आयेशांना पाहिलेले होते, त्यामुळे ओळख पटली. मुसलमान संकटसमयी देवाचे जे स्मरण करतात ते त्याच्या तोंडून निघाले, त्याने आयेशा जाग्या झाल्या आणि त्यांनी चेहरा झाकला. त्याने आपला उंट बसवला, त्या चढल्या, आणि तो दोरी धरून पुढे चालू लागला. दोघांत एक शब्दही बोलणे झाले नाही, असे आयेशांनी पुढे निक्षून सांगितले. भर दुपारी सैन्य विसावले होते तेथे ते पोचले. सर्वांच्या डोळ्यांदेखत, उजेडात.

एवढेच घडले होते. पण मदिनेत अब्दुल्ला इब्न उबय्य नावाचा एक पुढारी होता. पैगंबर आले नसते तर मदिनेचे पुढारपण त्याच्या हाती जाणार होते; वरवर मुसलमान झालेला, आत जळणारा. त्याने या उंटाच्या प्रवासावरून कुजबूज सुरू केली. स्वतः तो जपून बोले, दुसऱ्याला बोलते करी. गोष्ट तोंडातोंडी वाढली. आश्चर्य असे की ती वाढवण्यात चांगली माणसेही होती. बद्रच्या लढाईत लढलेला मिस्तह, जो अबू बक्र यांचा गरीब नातलग आणि त्यांच्याच अन्नावर जगणारा. पैगंबरांचा कवी हस्सान इब्न साबित. आणि हम्ना बिन्त जहश, जिची बहीण झैनब ही आयेशांची सवत. हम्नाला वाटले, आयेशा खाली आल्या की आपली बहीण वर येईल. माणसांच्या वस्तीत कुभांड असेच वाढते, मग ती वस्ती मदिनेची असो की उसाच्या मळ्याशेजारची असो. रचणारा एक असतो. बाकीचे काही आपले पाहून, काही नुसतेच गंमत म्हणून, हात लावतात.

आयेशांना मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. परतताच त्या आजारी पडल्या आणि महिनाभर अंथरुणावर होत्या. एकच गोष्ट त्यांना टोचत होती. आजारपणात पैगंबर एरवी जी माया दाखवत ती दिसत नव्हती. आत येत, विचारपूस तिसऱ्याच कोणाकडे करत, आणि निघून जात.

घरात शौचकूप नसत. बायका रात्रीच्या वेळी गावाबाहेर जात. अशाच एका रात्री मिस्तहची आई सोबतीला होती. वाटेत तिचा पाय स्वतःच्याच वस्त्रात अडकला, ती ठेचाळली आणि तिने आपल्या मुलालाच शिव्याशाप दिले. बद्रवर लढलेल्या माणसाला असे बोलता, म्हणून आयेशांनी तिला दटावले. तेव्हा त्या बाईने गावात काय चालले आहे ते सांगितले. आयेशांचा ताप दुणावला. माहेरी जाण्याची परवानगी घेऊन त्या आईवडिलांकडे गेल्या. आईने समजूत घातली, की देखण्या आणि नवऱ्याच्या लाडक्या बायकोला सवती असल्या म्हणजे असे बोलले जायचेच. त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत आयेशांचे अश्रू थांबले नाहीत.

इकडे पैगंबर स्वतः कोंडीत होते. या प्रसंगावर कोणताही ईश्वरी आदेश उतरला नव्हता. त्यांनी जवळच्यांना विचारले. उसामाने आयेशांबद्दल चांगलेच बोलले. अलींनी सांगितले की स्त्रिया काही कमी नाहीत, आणि खरे काय ते घरातल्या दासीला विचारावे. अलींच्या या सल्ल्याची आठवण आयेशांच्या मनातून गेली नाही, असे इतिहासकार मानतात. त्याचे पुढे काय झाले ते येईलच. बरीरा नावाच्या दासीला विचारले तेव्हा तिने शपथेवर सांगितले, की या मुलीत एकच खोट पाहिली. कणीक मळून ठेवते, वयच लहान म्हणून तिथेच झोपी जाते, आणि शेळी येऊन कणीक खाऊन जाते. सवत झैनब यांनाही विचारले. त्यांना बोलण्याची चांगली संधी होती, आणि पैगंबरांच्या घरात आयेशांशी बरोबरी करू शकणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी सांगितले की आपण आपले कान आणि डोळे सांभाळतो, आणि आयेशांबद्दल चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही. बहीण हम्ना जिच्यासाठी हे पाप करत होती तिनेच त्यात भाग घेतला नाही. आयेशांनी ही गोष्ट आयुष्यभर झैनब यांच्या बाजूने सांगितली.

अबू अय्यूब अन्सारी यांच्या घरीही हा विषय निघाला होता. नवराबायकोने एकमेकांना विचारले, की आपल्या हातून असे झाले असते का? नाही, असे उत्तर आले. मग आपल्याहून थोर असलेल्यांकडून कसे होईल, असे म्हणून त्यांनी तो विषय घरातच संपवला.

शेवटी पैगंबर अबू बक्र यांच्या घरी आले. महिन्याभरात प्रथमच आयेशांजवळ बसले. निर्दोष असशील तर देव तुला मोकळी करील, चूक घडली असेल तर देवाची क्षमा माग, अशा अर्थाचे ते बोलले. आयेशा सांगत, की हे ऐकताच आपले अश्रू एकाएकी आटले. त्यांनी वडिलांना उत्तर द्यायला सांगितले. अबू बक्र यांना बोलवेना. आईला सांगितले, तिलाही बोलवेना. मग त्या स्वतः बोलल्या. आपण निर्दोष आहोत म्हटले तर कोणी मानणार नाही आणि न केलेले कबूल केले तर सगळे मानतील, तेव्हा युसुफच्या पित्याने केला तसा सबुरीचाच मार्ग उरला, एवढे सांगून त्या कुशीवर वळल्या. एका तरुण मुलीने आईवडील, पती आणि पैगंबर या सर्वांसमोर, एकटीने, असे म्हणावे! युसुफच्या पित्याचे, याकूबचे, नाव त्या क्षणी त्यांना आठवेना, हेही त्यांनी पुढे न लपवता सांगितले.

त्याच बैठकीत पैगंबरांवर वही उतरली, म्हणजे ईश्वरी संदेश आला, असे मुसलमान मानतात. थंडीच्या दिवसांतही त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. मग हसून त्यांनी आयेशांना त्या निर्दोष ठरल्याचे सांगितले. आईने, उठून त्यांचे आभार मान, म्हणून सुचवले. आयेशांनी साफ नकार दिला. त्या देवाचेच आभार मानणार होत्या, दुसऱ्या कोणाचे नाही.

ती वचने कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात, सूरह नूरमध्ये, ११ ते २० या क्रमांकांवर आहेत. त्यांचा रोख आयेशांना मोकळे करण्यापुरता नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकताक्षणीच आपल्या माणसांबद्दल चांगला विचार का केला नाही, चार साक्षीदार का मागितले नाहीत, ज्याचे ज्ञान नाही ते तोंडाने बोलत सुटणे हलके का समजले, असा जाब समाजाला विचारला आहे. आणि एकोणिसावे वचन तर नीट वाचावे असे आहे. श्रद्धावंतांमध्ये फाहिशा पसरावी असे ज्यांना आवडते त्यांना इहलोकी आणि परलोकी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे उंटावर बसलेली स्त्री निर्दोष ठरली, आणि तिच्याबद्दल बोलणारे फाहिशाच्या खात्यात गेले.

याच अध्यायाच्या सुरुवातीला झिनाची शिक्षा आहे, पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच शंभर फटके. विवाहितांसाठी दगडांनी मारण्याची शिक्षा कुराणात नाही, ती धर्मशास्त्र्यांनी हदीसच्या आधाराने धरली. शिक्षा कठोर आहेत, आजच्या मनाला सोसणाऱ्या नाहीत, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण लगेच पुढे अट येते. शीलवान स्त्रीवर जो आळ घेईल त्याने चार साक्षीदार आणावेत. नाही आणले तर त्यालाच ऐंशी फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी ग्राह्य नाही. शास्त्र्यांनी या चौघांनी काय आणि किती स्पष्ट पाहिलेले असावे याची अशी अट घातली, की एखाद्या बंद घरातले कृत्य तिच्यात बसणे जवळजवळ अशक्य. या गुन्ह्याला कझफ म्हणतात. कझफ म्हणजे फेकणे. आपण मराठीत चिखलफेक म्हणतो, तीच कल्पना. मिस्तह, हस्सान आणि हम्ना यांना ही शिक्षा झाली, असे जुने चरित्रकार सांगतात.

आणखी एक गोष्ट घडली. अबू बक्र यांनी संतापून मिस्तहची मदत बंद करण्याची शपथ घेतली. कोणत्या बापाने घेतली नसती? तर याच अध्यायात पुढे एक वचन आले, की ऐपतीच्या लोकांनी आप्तांना आणि गरिबांना न देण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी. अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली, आणि ती पुन्हा कधी थांबवणार नाही असे ठरवले. त्यानंतर दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय जाऊ नये हा नियम येतो. मग नजर खाली ठेवण्याची आज्ञा येते, ती आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना. वाचताना हा क्रम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या मुंबईच्या माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी सबंध कुराणावर अरबीत भाष्य लिहिले, आणि वचनामागून वचन का आले हे उलगडून दाखवणे हा त्या भाष्याचा विशेष मानला जातो. ज्यांच्या दर्ग्यावर मुंबईचे पोलीस दरवर्षी मानाची चादर नेतात, तेच हे बाबा.

आपल्याकडे परटाच्या एका बोलण्याने सीतेला वनवास घडला, आणि त्या परटाला कोणी काही केले नाही. हे लिहिताना मला ती कथा आठवल्याशिवाय राहिली नाही. पण मुसलमानांच्या इतिहासात तरी हा नियम नीट पाळला गेला का? नेहमी नाही. इ.स. ६३८ च्या सुमारास बसऱ्याचा सुभेदार मुघीरा याच्यावर झिनाचा आरोप आला. चारांपैकी चौथ्याची साक्ष डळमळली, तेव्हा खलिफा उमर यांनी उरलेल्या तिघांना फटके मारले. सुभेदारालाही पदावरून हटवले. तेथे नियम चालला. उलट पाकिस्तानात १९७९ साली जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद कायदे आणले, तेव्हा बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या काही स्त्रियांवरच, आरोप सिद्ध होत नाही म्हणून, व्यभिचाराचे खटले उभे राहिले. आयेशांच्या रक्षणासाठी आलेली चार साक्षीदारांची अट अत्याचार सोसलेल्या बाईच्याच गळ्यात अडकवली गेली. तो कायदा बदलायला २००६ साल उजाडावे लागले. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या नव्या दंडसंहितेने ठरवले, की प्रौढांच्या संमतीच्या अशा संबंधाबद्दल पतीने किंवा पालकाने तक्रार केली तरच खटला चालेल. आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने फोनवर, संगणकावर कोणाची बदनामी करणे व अफवा पसरवणे गुन्हा ठरवले. खोर फक्कानच्या आपल्या तरुण मंडळींना पहिल्या कायद्याची पुष्कळ माहिती असते. दुसऱ्याची आठवण कोणाची तरी चित्रफीत पुढे ढकलताना होत नाही.

असो. आयेशांकडे परत येऊ, कारण त्यांचे खरे आयुष्य यानंतरच सुरू झाले. इ.स. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन आयेशांच्या खोलीत, त्यांच्या मांडीवर-छातीवर डोके असताना झाले, आणि दफनही त्याच खोलीत झाले. आयेशा तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. मूल नव्हते, भाचा अब्दुल्ला याच्या नावावरून त्यांना उम्म अब्दुल्ला म्हणत. पैगंबरांच्या विधवांनी पुन्हा लग्न करायचे नव्हते. पुढची सेहेचाळीस वर्षे त्यांनी शिकवण्यात घालवली.

मी शिक्षकी पेशातला असल्यामुळे कदाचित मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. त्यांच्या नावावर २२१० हदीस नोंदल्या आहेत. पडद्याआडून त्या शिकवत, आणि मोठमोठे सहकारी अडले की त्यांच्याकडे माणूस पाठवत. भाचा उर्वा, पुतण्या कासिम, अम्रा नावाची विदुषी हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. इतरांनी सांगितलेल्या हदीसमध्ये चूक दिसली तर त्या तिथल्या तिथे दुरुस्त करत. पुढे चौदाव्या शतकात झरकशी नावाच्या पंडिताने या दुरुस्त्यांचाच एक ग्रंथ केला. गाढव, कुत्रा आणि स्त्री समोरून गेल्यास नमाज मोडते असे कोणी सांगितले, तेव्हा आम्हाला जनावरांच्या रांगेत बसवले, म्हणून त्या संतापल्या आणि पैगंबर नमाज पढत असताना आपण समोर पहुडलेल्या असायचो हे त्यांनी सांगितले.

मासिक पाळी, स्नान, पतिपत्नीचा संबंध यांविषयीचे प्रश्न स्त्रिया त्यांच्याकडे आणत, आणि पुरुषही आणत. त्या उत्तर देत. अन्सारी बायका लाज बाळगूनही धर्म शिकताना विचारायला लाजत नाहीत, म्हणून त्यांनी त्यांची वाखाणणी केली. हया, म्हणजे लज्जा, ही मुसलमानांत श्रद्धेचे अंग समजली जाते. पण विचारायचे ते विचारणे म्हणजे निर्लज्जपणा नव्हे, हे या स्त्रीने शिकवले. आपल्या शाळांत शरीराचा धडा आला की पाने भराभर उलटणारे मास्तर मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

इ.स. ६५६ मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या झाली. मारेकऱ्यांना शासन व्हावे म्हणून आयेशा तल्हा आणि झुबैर यांच्याबरोबर बसऱ्यावर गेल्या आणि नव्या खलिफांशी, अलींशी, लढाई झाली. त्या उंटावरच्या हौदजात होत्या. त्या उंटाभोवतीच सर्वांत तुंबळ रण माजले, म्हणून तिला उंटाची लढाई म्हणतात. तल्हा आणि झुबैर मारले गेले, आयेशा हरल्या. अलींनी त्यांना मानाने, सोबत देऊन, मदिनेला परत पाठवले. या लढाईवरून शिया आणि सुन्नी यांचे आयेशांबद्दलचे मत आजही वेगळे आहे. त्यांना स्वतःला मात्र ती आठवण निघाली की रडू येई.

कवी हस्सान म्हातारपणी आंधळा झाला. तो आयेशांकडे येई आणि त्या त्याला आत घेत. एकदा उर्वा त्याला वाईटसाईट बोलू लागला. आयेशांनी त्याला थांबवले. हा माणूस पैगंबरांच्या बाजूने कवितेतून लढलेला आहे, एवढेच कारण त्यांनी दिले. ज्याच्या जिभेने त्यांचा एक महिना जाळला होता त्याच्यावरही त्यांनी दुसऱ्याला चिखल फेकू दिला नाही.

हातात पैसा टिकत नसे. एकदा एक लाख दिरहम आले. त्यांचा उपवास होता. दिवसभर वाटत बसल्या, संध्याकाळी काही उरले नाही. दासी म्हणाली, की उपवास सोडायला एका दिरहमचे मटण तरी घेतले असते. आठवण केली असतीस तर घेतले असते, असे त्यांचे उत्तर होते.

खलिफा उमर यांनी मरताना आयेशांच्या खोलीत, पैगंबर आणि अबू बक्र यांच्याशेजारी, दफनाची परवानगी मागितली होती. ती जागा आयेशांनी स्वतःसाठी मनात ठेवलेली होती. त्यांनी ती उमर यांना दिली. स्वतःला मात्र इतर सवतींबरोबर बकीच्या कबरस्तानात पुरावे, आपली वेगळी थोरवी गाइली जाऊ नये, असे त्यांनी सांगून ठेवले. हिजरी ५८ च्या रमझानात, म्हणजे इ.स. ६७८ मध्ये, त्यांचे मदिनेत निधन झाले. नमाज अबू हुरैरा यांनी पढवली. रात्रीची वेळ होती, तरी गर्दी मोठी जमली. भाच्या-पुतण्यांनी त्यांना कबरीत उतरवले.